पारा शून्याखाली गेला की बाग बघायला चला

बागेचा सीझन कधी असतो असं कुणालाही विचारा, वसंत म्हणतील, उन्हाळा म्हणतील, फारतर पानं लाल-पिवळी होतात तो शरद म्हणतील, आणि मग थंडी पडली की कात्री, खुरपं, पाण्याचा पाईप सगळं आत जातं आणि बागेचं दार बंद, आता भेटू मार्चमध्ये. मला हे अजिबात पटत नाही. पारा शून्याच्या खाली गेलेली एखादी स्वच्छ सकाळ ही बागेची वर्षातली सगळ्यात देखणी सकाळ असते असं माझं ठाम मत आहे. भर उन्हाळ्यात बागेत एकाच वेळी इतकं काही चालू असतं की नजर कुठे ठरतच नाही, हे फुललं ते सुकलं, इथे तण तिथे मावा, सगळा वेळ कामाच्या नजरेनंच बघितलं जातं. कडाक्याच्या थंडीत करण्यासारखं फारसं काही उरत नाही, त्यामुळे नुसतं बघता येतं, आणि पानं गळून गेल्यामुळे झाडाला मुळात आकार कसला आहे, फांदी कुठून वळलीये, दोन झुडपांच्या मधे मोकळी जागा किती आहे हे सगळं उघडं पडतं.

रात्री झोपण्याआधी मी हवामानाचं ॲप उघडते आणि नुसतं टेंपरेचर बघत नाही, आभाळ मोकळं आहे का, वारा पडलाय का आणि हवेत ओल आहे का हेही बघते. हे सगळं जुळलं की सकाळी बाग पांढरी होणार हे जवळजवळ नक्की. दिवसभर जमिनीनं घेतलेली उष्णता रात्री वर निघून जाते, ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात, पण आभाळ मोकळं असलं की ती सरळ निघूनच जाते. वारा असेल तर वरची जरा उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळत राहते, वारा पडला की गार हवा जमिनीलगत तशीच बसून राहते. अशा रात्री पान, गवताचं पातं, कुंपणाची तार या वस्तू आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर मधे पाणी न होताच थेट बर्फ होऊन बसते. म्हणूनच थर्मामीटर २-३ डिग्री दाखवत असतो आणि तरी गवत पांढरं झालेलं असतं, कारण थर्मामीटर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरची हवा मोजतो आणि गवत जमिनीवर असतं.

हे एकदा कळलं की बागेत हा पांढरा थर, म्हणजे फ्रॉस्ट, कुठे पडला आणि कुठे नाही हे बघण्यात वेगळीच मजा येते. मोठ्या झाडाखाली गवत हिरवंच राहतं कारण वरच्या फांद्या ढगाचं काम करतात. भिंतीला लागून एक पट्टा कोरडा असतो, दिवसा तापलेली भिंत रात्रभर ऊब सोडत असते. उतार असेल तर गार हवा पाण्यासारखी उताराखाली वाहत जाते आणि खाली कुंपणाशी अडून साचते, तिथे थर सगळ्यात जाड. म्हणजे रात्रभर हवा कुठून कुठे गेली याचा नकाशाच सकाळी समोर काढून ठेवलेला असतो, आणि नाजूक रोपं कुठे लावायची नाहीत हे कुणाला विचारायची गरज पडत नाही.

आता जरा जवळ जाऊन बघू. माझ्याकडे इकिनेशिया या फुलझाडाचे वाळलेले गोंडे आहेत, पाकळ्या कधीच गळून गेल्या, फक्त मधला काटेरी गोळा काळ्या दांड्यावर ताठ उभा. साधं भिंग घेऊन गोठलेल्या सकाळी तो बघितला तर प्रत्येक काट्याच्या टोकावर बर्फाचे बारीक सुळे उगवलेले दिसतात, सगळे बाहेरच्या दिशेनं, काट्याच्या खोबणीत मात्र जवळजवळ काहीच नाही. टोकं आणि कडा जास्त उघड्या असतात, तिथून ऊब लवकर जाते आणि वाफही तिथे आधी पोचते, म्हणून बर्फ आधी तिथेच धरतो. पानांचंही तेच, स्ट्रॉबेरीच्या किंवा हेलेबोरच्या पानावर बघा, दातेरी कडेनं पांढरी बारीक नक्षी आणि मधला भाग तसाच गर्द, नऊवारीला जरीचा काठ असावा तसं. लव असलेलं पान असेल तर एकेका केसावर वेगळा स्फटिक. श्वास लागला की हे सगळं डोळ्यादेखत विरघळतं म्हणून बघताना मी श्वास रोखून धरते, आणि फोटो काढायचा असेल तर तोंडावर मफलर घेते.

बडीशेपेच्या वाळक्या छत्र्या हा माझा दुसरा आवडता प्रकार. एका दांड्यातून बारीक काड्या फुटतात, त्या प्रत्येकीच्या टोकाला आणखी बारीक काड्या, आणि थंडीत त्या प्रत्येक काडीवर पांढरा थर. एरवी वाऱ्यावर डुलणारी ही छत्री गोठल्यावर एकदम स्थिर होते, तिची सगळी भूमिती मोजता येईल इतकी स्पष्ट दिसते. आणि कोळ्याची जाळी! वर्षभर त्या कुंपणावर इतकी जाळी आहेत हे कळतसुद्धा नाही, गोठलेल्या सकाळी एकदम डझनावारी दिसायला लागतात, धागा जाड झालेला, काही ठिकाणी वजनानं मधेच खाली ओढलेला.

यावरून आठवलं, आईला व्हिडिओ कॉलवर मी हौसेनं बाग दाखवत होते तर ती म्हणाली, "अगं, सगळं वाळून गेलंय की! उपटून का नाही टाकत ते?" मी म्हटलं, "आई, तेच तर दाखवतेय तुला." तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग चष्मा लावून परत बघितलं आणि म्हणाली, "हां, ते टोकाचं पांढरं छान दिसतंय गं, पण असं किती दिवस ठेवणार?" तिचा प्रश्न बरोबरच आहे आणि माझ्या मते हिवाळी बागेचं सगळं सौंदर्य या एका प्रश्नावरच उभं आहे. फ्रॉस्टला बसायला काहीतरी लागतं. शरदात सगळं कापून, झाडून, साफ करून ठेवलेल्या वाफ्यात थंडी पडते तेव्हा फक्त गोठलेली माती दिसते, आणि मग लोक म्हणतात हिवाळ्यात बागेत बघण्यासारखं काही नसतं. नसणारच, ठेवलंच नाही ना काही.

डच बागरचनाकार पीट औडोल्फ यांनी ही गोष्ट जगभर नेली. न्यूयॉर्कच्या हाय लाईनवरची लागवड त्यांची, जुन्या उंच रेल्वेमार्गावरची ती बाग, तिचा पहिला भाग २००९ मध्ये खुला झाला. ते रोप निवडताना फूल किती दिवस टिकतं याच्याइतकंच ते मेल्यावर कसं दिसतं हे बघतात, दांडा उभा राहतो का, बोंडाचा आकार टिकतो का, रंग कुठला होतो. मला हे फार मोठं शहाणपण वाटतं. कारण फूल दोन-तीन आठवडे आणि बोंड चार-चार महिने, मग निवड करताना चार महिन्यांचा विचार नको का करायला?

सगळंच काही उभं राहत नाही हेही खरं. होस्टा पहिल्याच कडक फ्रॉस्टला चिखल होऊन आडवा होतो, डेलियाची पानं एका रात्रीत काळी पडतात, ते खुशाल काढून टाकावं. उभे राहणारे म्हणजे इकिनेशिया, रुडबेकिया, सीडम, फ्लोमिस (याचे दांड्यावर एकावर एक मजले असतात, बर्फ पडला की प्रत्येक मजल्यावर वेगळा ढीग), टीझल, अकिलिया, आणि गवतांमध्ये मिस्कँथस आणि कॅलामॅग्रोस्टिस. सीडमचं ते सपाट डोकं तर बर्फ पेलण्यासाठीच केलंय असं वाटतं, बाकी सगळे वाकतात आणि हा आपला चार बोटं बर्फ डोक्यावर घेऊन ताठ. आणि हे नुसतं आपल्या डोळ्यांसाठी नाही, टीझल आणि इकिनेशियावर गोल्डफिंच पक्षी येतात, पोकळ दांड्यांमध्ये एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची पिल्लं हिवाळा काढतात, पडलेल्या पानांच्या थरात लेडीबग एकमेकांना चिकटून बसलेले असतात. थंडीत पक्षी पिसं फुगवून बसतात, पिसांमध्ये हवा कोंडून ऊब धरायची म्हणून, त्यामुळे एरवी चिमूटभर दिसणारा रॉबिन एकदम गोलमटोल दिसतो. बर्फाच्या पार्श्वभूमीवर वाळक्या दांड्यावर बसलेला तो लालसर छातीचा गोळा बघितला की थंडीत उभं राहिल्याचं काही वाटत नाही.

प्रकाशाबद्दल तर बोलायलाच हवं, कारण निम्मं काम तोच करतो. हिवाळ्यात सूर्य फार खाली असतो. ५० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १६-१७ अंशांवर असतो, म्हणजे इतर वेळी जो प्रकाश फक्त सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मिळतो तसा तिरपा प्रकाश दिवसभर. फोटोग्राफर लोक ज्याच्यासाठी पहाटे उठतात तो प्रकाश इथे दुपारी बारालाही चालू. गवत यात सगळ्यात भारी दिसतं पण एक अट, सूर्य गवताच्या मागे हवा आणि आपण पुढे. मिस्कँथसचे तुरे समोरून प्रकाश पडला की करडे, मेलेले वाटतात, आणि तेच मागून ऊन आलं की आख्खे पेटतात, त्यावर फ्रॉस्ट असेल तर वितळताना प्रत्येक केसाला एक थेंब लटकतो आणि तो थेंब चमकतो. एकच गवत, दहा पावलं फिरून दुसऱ्या बाजूनं बघा, पूर्ण वेगळी गोष्ट. म्हणून काहीही लावायच्या आधी हिवाळ्यात ज्या खिडकीशी आपण जास्त बसतो तिथून बघायचं, सूर्य कुठून येतो आणि कुठे जातो, आणि त्याच्या मधल्या रेषेत गवत लावायचं.

सालींचा रंगही याच दिवसांत कळतो. डॉगवुडचं, म्हणजे कॉर्नसचं झुडूप उन्हाळ्यात अगदी सामान्य असतं, कुणी वळूनही बघणार नाही, आणि पानं गळली की त्याच्या कोवळ्या फांद्या लालभडक. 'सिबिरिका' नावाची जात खूप लाल असते, 'मिडविंटर फायर' खाली पिवळी-केशरी आणि टोकाला लाल. हा रंग नव्या फांद्यांवरच चढतो म्हणून दर वर्षी किंवा एक वर्षाआड वसंताच्या तोंडावर ते जमिनीजवळ छाटावं लागतं. आणि हिवाळी बागांमध्ये ज्या पांढऱ्याशुभ्र खोडाच्या झाडाचे इतके फोटो दिसतात ना, तो बहुतेक वेळा हिमालयातला भूर्ज असतो, बेट्युला युटिलिस, ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या तोच, त्याची जॅकमोंटाय नावाची जास्त पांढरी जात. त्या पांढऱ्या रंगाला कारण आहे, थंडीत दिवसा उन्हानं खोड तापलं आणि संध्याकाळी एकदम गोठलं तर साल तडकू शकते, पांढरी साल ऊन परतवते. साल कागदासारखी आडवी सुटत जाते, आतला थर जरासा गुलाबी, आणि गोठलेल्या सकाळी ते सुटलेले तुकडे उन्हात अर्धपारदर्शक होतात. बोटानं ओढून काढायचा मोह होतो पण काढू नये, झाडाला आपल्या वेळेनं टाकू द्यावी.

कुणी विचारलं की बाहेर किती थंडी आहे तर मी खिडकीतून रोडोडेंड्रॉनकडे बघते. मोठ्या पानांच्या जातींची पानं शून्याच्या आसपास खाली झुकायला लागतात, थंडी वाढली की लांबीला गुंडाळली जातात आणि मायनस सात-आठच्या खाली गेलं की पार बारीक नळ्या होऊन लटकतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला झाड मेलं असंच वाटतं. हवा जरा उबदार झाली की परत उघडतात, काही झालंच नाही असं. हे का करतं यावर अभ्यास झालेत, गोठलेल्या पानाला हिवाळ्यातलं लख्ख ऊन झेपत नाही, तर गुंडाळून आणि लटकून ते ऊन चुकवतं असं एक म्हणणं आहे. कारण काहीही असो, आख्खं झुडूप थंडीला असं उत्तर देतंय हे बघणं मला दर वेळी तितकंच विलक्षण वाटतं. झाडाला पळून जाता येत नाही, अंगावर काही ओढून घेता येत नाही, पण ते गप्प बसलेलं नसतं. शरदातच ते पेशींमध्ये साखर वाढवायला लागतं म्हणजे आतलं पाणी लवकर गोठत नाही, आणि जे गोठायचं ते पेशींच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत गोठतं, आतला जीव वाचतो. इतकं सगळं आत चालू असतं आणि आपण बाहेरून म्हणतो बाग झोपलीये.

आणि फुलं? आहेत ना, ऐन थंडीत फुलणारी आहेत. विच हेझल घ्या, हॅमामेलिस. उघड्या फांदीवर पिवळ्या, केशरी, विटकरी रंगाच्या चुरगळलेल्या बारीक फितींचे झुपके, पाकळ्या म्हणजे नुसत्या दोरेच. कडक थंडी पडली की त्या फिती आत गुंडाळून घेतात, ऊन आलं की परत सोडतात, त्यामुळे एक फूल कितीतरी दिवस टिकतं. उत्तर अमेरिकेतली जी शरदाच्या शेवटी फुलणारी जात आहे तिच्यावर थंडीत उडणारे निशाचर पतंग येतात, ते उडण्याआधी अंगाचे स्नायू थरथरवून स्वतःला बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम करून घेतात. म्हणजे गोठायच्या बेतात असलेल्या रात्री एक पतंग काकडत काकडत इंजिन गरम करतोय आणि एक झाड त्याच्यासाठी फूल उघडून बसलंय, हे माहीत झाल्यापासून मी त्या झुडपाकडे नुसतं शोभेचं झाड म्हणून बघूच शकत नाही.

वासाचं म्हणाल तर डॅफ्नी भोलुआ. हीसुद्धा हिमालयातलीच, नेपाळमध्ये हिच्या सालीपासून हातकागद बनवतात, म्हणजे भूर्ज आणि ही, बागेत शेजारी शेजारी लावलेली दोन लिहायच्या कामाची झाडं. जानेवारीत हिला गुलाबी-पांढरे झुपके येतात आणि वास इतका की आधी नाकाला कळतं मग डोळे शोधायला लागतात. थंड हवेत एरवी वास कमी येतात, बाग सगळी बिनवासाची झालेली असते, त्यामुळे असा एकच वास आला की तो एकदम ठळक जाणवतो. सार्कोकोकाचंही तसंच, फूल बघायला गेलं तर काहीच नाही, पांढरे चार तंतू, पण दारापाशी एक झुडूप असलं तर आत-बाहेर करताना रोज भेटतं. सुगंधी गोष्टी हिवाळ्यात वाटेलगतच लावाव्यात, बागेच्या टोकाला लावल्या तर तिथपर्यंत जाणार कोण!

स्नोड्रॉप या छोट्या पांढऱ्या फुलाबद्दल लोक भरभरून बोलतात त्यामुळे मी थोडंच लिहिते. त्याच्या पानांचं टोक कडक असतं म्हणून ते गोठलेली माती आणि बर्फ फोडून वर येतं. रात्री फार थंडी पडली की सकाळी ताटवा आडवा पडलेला असतो, मान टाकलेली, पेशींमधलं पाणी बाहेर गेल्यामुळे ताठपणा गेलेला. दुपारी बघा, सगळे परत उभे. त्या पडण्या-उठण्यासाठी मी सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा जाऊन बघते.

बर्फ पडला की मात्र गंमत वेगळी. फ्रॉस्ट बारकावे उघडे करतो, प्रत्येक शीर, प्रत्येक केस दाखवतो, आणि बर्फ बरोबर उलटं करतो, सगळे बारकावे झाकतो आणि फक्त मोठे आकार ठेवतो. झुडपांचं कुंपण, पायऱ्या, बाक, वाटेचं वळण, एवढंच उरतं. बागेची आखणी चांगली आहे की नाही याची यापेक्षा चोख परीक्षा नाही. आणि शांतता, ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, त्या बारीक पोकळ्यांमध्ये आवाज अडकून विरतो, म्हणून पहिल्या सकाळी कानात कापूस घातल्यागत वाटतं. तीच हवा खालच्या रोपांना पांघरूण होते, मायनस पंधराच्या रात्रीही एक फूट बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपास राहू शकते. बर्फाशिवाय पडणारी कोरडी कडक थंडी रोपांना जास्त मारते.

बर्फ पडायला लागला की गडद रंगाच्या लोकरी बाहीवर चार कण झेलून बघा, भिंग असेल तर उत्तमच. सहा कोन का असतात याचं उत्तर पाण्याचे रेणू बर्फात ज्या षटकोनी रचनेत बसतात त्यात आहे, पण नक्की कुठला आकार होणार हे ढगातलं टेंपरेचर ठरवतं, मायनस दोनच्या आसपास चपट्या चकत्या, मायनस पाचला सुया आणि खांब, आणि मायनस पंधराला ते चित्रात दाखवतात तसे सहा फांद्यांचे तारे. अमेरिकेत व्हरमाँटचे एक शेतकरी, विल्सन बेंटली, यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभर ५,००० हून जास्त कणांचे फोटो काढत राहिले. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत हिमकण वाढवून दाखवला, तो धरायला त्यांनी सशाचा केस वापरला होता. बाहीवर पडलेला तारा वितळायच्या आत बघून घेण्याची घाई ज्यानं अनुभवलीये त्याला या दोघांचा ध्यास लगेच कळेल.

जड, ओला बर्फ फांद्या मोडतो हेही आहे. जपानमध्ये कानाझावाच्या केनरोकुएन बागेत पाईनच्या झाडांना हिवाळ्याआधी उंच खांबाच्या टोकापासून दोऱ्या बांधतात, प्रत्येक फांदीला एक दोरी, वरून खाली सुळकन उतरणाऱ्या शेकडो दोऱ्यांचा शंकू तयार होतो, त्याला युकित्सुरी म्हणतात. काम फांदी वाचवण्याचं, पण दिसतं इतकं सुरेख की तीच त्या बागेची हिवाळ्यातली ओळख झालीये. आपल्या बागेत एवढं करायला नको, उभट सदाहरित झुडपांना सुतळीचे सैल वेढे द्यायचे आणि बर्फ साचला की झाडूनं खालून वर असा हलकेच उचलून पाडायचा. वरून खाली झोडपलं तर जी फांदी वाचवायची तीच तुटते. आणि फांदीवर बर्फाचं कडक कवच धरलं असेल तर हात लावू नका, आपोआप वितळू द्या.

एक अगदी विलक्षण गोष्ट सांगायची राहिली, केसांचा बर्फ. पानझडी झाडाची सडकी, ओली, साल गेलेली फांदी जमिनीवर पडलेली असते, हवा शून्याच्या जरा खाली, आणि सकाळी त्या लाकडातून पांढरे, रेशमी, बारीक केस उगवलेले दिसतात, विंचरल्यासारखे एका दिशेनं वळलेले. एकेक केस ०.०१ मिलीमीटरच्या आसपास जाड. हात लावला की संपलं. खंड सरकतात असं सांगणारे आल्फ्रेड वेगेनर, त्यांनीच १९१८ मध्ये यामागे बुरशीचा हात असावा असं लिहिलं होतं, आणि २०१५ मध्ये ती बुरशी नक्की कुठली हे कळलं, एक्झिडिओप्सिस इफ्यूझा. ती लाकडात नसेल तर केस बनत नाहीत. म्हणून बागेच्या मागच्या कोपऱ्यात झाडाखाली सडक्या फांद्यांचा एक ढीग तसाच ठेवावा, त्याला साफसफाईच्या दिवशी हात लावू नये.

बाहेर जाताना थोडं सांभाळायचं. गोठलेल्या गवतावर चालू नका, गोठलेली पाती पायाखाली मोडतात आणि नंतर तिथे पावलांचे तपकिरी ठसे बरेच दिवस राहतात, वाटेवरूनच फिरा. सूर्य उगवल्यावर अर्ध्या-एक तासात फ्रॉस्ट जायला लागतो, त्यामुळे आधी बाग मग चहा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपकन उतरते. पक्ष्यांचं पाणी गोठलं असेल तर ते फोडून ताजं घाला, त्यांना खाण्याइतकीच पाण्याचीही पंचाईत असते. तळं असेल आणि त्यात मासे असतील तर वरचा बर्फ ठोकून फोडायचा नाही, गरम पाण्याचं भांडं वर टेकवून एक भोक पाडायचं.

वाळकं कधी कापायचं, या आईच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की हिवाळा सरताना, बुडाशी नवीन हिरवे कोंब दिसायला लागले की. गवतं आधी, कारण कोंब उंच झाल्यावर कापलं तर नवी टोकंही छाटली जातात. इकिनेशिया, बडीशेपेचे दांडे गुडघ्याएवढे ठेवून वरचे कापायचे म्हणजे पोकळ दांड्यात ज्यांनी घर केलंय ते बाहेर पडेपर्यंत तसेच राहतात. यंदा मी डॉगवुडची दोन रोपं आणणार आहे, एक लाल आणि एक 'मिडविंटर फायर', आणि जागाही ठरवून ठेवलीये, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, मिस्कँथसच्या अलीकडे, सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं तिथे. सध्या तिथे एक काठी रोवून ठेवलीये, आणि सावली कुठून कुठे सरकते ते रोज बघतेय.